आमची वाटचाल: सांगलीची हळद ते हलालचे कागद

सांगलीच्या मार्केट यार्डात सौद्याला उभं राहून हळद घ्यायची, दळायची आणि पोती भरून मुंबईला पाठवायची, हा वडिलांचा धंदा. पुढे आम्ही वेफर्स आणि मक्याच्या पफवर भुरभुरायचं सीझनिंग बनवू लागलो. त्यातूनच दुबईचा एक खरेदीदार मिळाला. सॅम्पल पसंत पडलं आणि पाठोपाठ हलाल प्रमाणपत्राची मागणी आली.

पाकिटावर हिरवा ठिपका असला की हलालचा प्रश्नच येत नाही, असं आजही कितीतरी उद्योजक मित्र म्हणतात. नुसत्या हळदपुडीपुरतं ते खरंही आहे. पण सीझनिंगची गोष्ट वेगळी. त्यात चीज पावडर असते, आणि चीजसाठी वापरलेलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं एन्झाइम, वासराच्या जठरातलं की सूक्ष्मजीवांपासून केलेलं, हे सांगावं लागतं. आयएनएस ४७१ हे तेल-पाणी एकजीव ठेवणारं इमल्सिफायर पाम तेलापासून बनतं, तसंच जनावराच्या चरबीपासूनही बनतं. पावडरीच्या गुठळ्या होऊ न देणाऱ्या मॅग्नेशियम स्टिअरेटचंही तेच. फ्लेवर पुष्कळदा इथेनॉलमध्ये, म्हणजे अल्कोहोलमध्ये, विरघळवलेले असतात. म्हणजे माल शाकाहारी असूनही प्रश्न शिल्लक राहतो. आम्ही एकेका घटकासाठी पुरवठादाराकडून उगमाचे कागद मागवले. कोणी लगेच दिले, एकाने महिनोन्महिने टोलवाटोलवी केली. शेवटी त्याचा फ्लेवर बंद केला आणि मसाल्याची चव नव्याने बसवली.

हे सगळं अति वाटत असेल, तर चव वाढवणारी पावडर बनवणाऱ्या अजिनोमोटो कंपनीचं इंडोनेशियातलं प्रकरण पाहावं. त्यांच्या तयार मालात डुकराचा अंशही नव्हता. मात्र आंबवणाऱ्या जिवाणूंच्या पोषणासाठी जे सोया पेप्टोन वापरलं होतं, ते बनवताना डुकरापासून मिळवलेलं एन्झाइम वापरलं गेलं होतं. तेवढ्यावरून जानेवारी २००१ मध्ये देशभरातून माल परत घ्यावा लागला. ग्राहक नुसतं पाकिटात काय आहे एवढंच विचारत नाही, ते कशातून आलं हेही विचारतो. मला हा त्याचा हक्क वाटतो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. साऱ्या जगाला चालेल असं एकच हलाल प्रमाणपत्र नसतं. हलालची अधिकृत यंत्रणा प्रत्येक देशात वेगळी: मलेशियात जाकिम, सिंगापूरमध्ये मुइस, इंडोनेशियात बीपीजेपीएच, अमिरातीत उद्योग मंत्रालय. प्रत्येकाचे नियम निराळे आणि परदेशातल्या कोणत्या संस्थांचं प्रमाणपत्र मानायचं याची यादीही निराळी. भारतातली एखादी संस्था एका यादीत असते, दुसरीत नसते. शिवाय मान्यता मिळालेली असली तरी ती कशासाठी, मांसासाठी की प्रक्रिया केलेल्या अन्नासाठी, हेही बघावं लागतं. स्वस्तात आणि झटपट प्रमाणपत्र देणारे पुष्कळ भेटतात. माझं नवीन निर्यातदारांना कळकळीचं सांगणं आहे: आधी देश ठरवा, त्या देशाची ताजी यादी उघडा, मगच संस्थेला फोन करा. नाहीतर कंटेनर बंदरात आणि तुम्ही मेलवर, अशी गत होते.

हलाल प्रमाणपत्रासाठी झालेल्या ऑडिटचा दिवस मला नीट आठवतो. ऑडिटर आले ते कागद बाजूला ठेवून थेट चाळण्यांपाशी गेले. तिथला सफाईचा ब्रश उचलला, केसांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, ‘हे नायलॉनच आहे ना? खरेदीचं बिल आहे?’ डुकराच्या केसांचे ब्रश बाजारात सर्रास मिळतात, म्हणून हा प्रश्न. मग मिक्सर. आमचा रिबन ब्लेंडर जुना, एका बिस्किट कारखान्याकडून घेतलेला. तिथे त्यात काय मिसळायचे, हेही विचारलं. ज्या यंत्रावर डुकरापासूनच्या कशावरही प्रक्रिया झालेली असते, ते मलेशियाच्या नियमांनुसार सात वेळा धुवावं लागतं, त्यातलं एकदा माती मिसळलेल्या पाण्याने. आमच्यावर ती वेळ नव्हती. शेवटी गोदामातला एक खोका काढून त्यातला प्रत्येक घटक कोणत्या पोत्यातला, ते रजिस्टरवरून मागे मागे शोधायला लावलं. आमच्या कारखान्यातल्या मुलींनी चहा व्हायच्या आत ते काढून दाखवलं. त्यांचा मला फार अभिमान वाटतो.

सध्या धावपळ इंडोनेशियाची चालू आहे. २०१४ च्या ३३ क्रमांकाच्या कायद्याने तिथे हलाल प्रमाणपत्र सक्तीचं केलं, आणि परदेशी खाद्यपदार्थांना उशिरात उशिरा १७ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत आहे. हलाल नसलेला माल विकता येतो, पण पाकिटावर तसं स्पष्ट छापावं लागतं. काहीही न मिसळलेली वनस्पतिजन्य वस्तू यातून सुटते, त्यामुळे आमच्या हळदीची काळजी नाही. सीझनिंगचे कागद जमवणं चालू आहे. हलालची देखरेख करणारी व्यक्ती मुस्लिमच हवी, असं तिथला कायदा सांगतो. आमच्या लॅबमधल्या एका जुन्या सहकाऱ्याने ही जबाबदारी आनंदाने घेतली आहे, आणि आता त्यांची सही झाल्याशिवाय कोणताही नवा कच्चा माल मिक्सिंगला जात नाही.