एवढ्याशा पोरांसाठी दोन-दोन शिक्षक कशाला?

एसटीत, लग्नाच्या पंगतीत, लेकीच्या पुण्यातल्या सोसायटीत, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते म्हटलं की हा प्रश्न येतोच. "वाडीवरच्या शाळेत पोरं किती, पंचवीस-तीस? त्यांना दोन-दोन शिक्षक! मग सरकार गावाकडच्या शाळांवर अन्याय करतं असं कसं म्हणता?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, भाताच्या खाचरांच्या वर, पहिली ते पाचवीची आमची दोन खोल्यांची शाळा. शाळेला सरकारच्या समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला संयुक्त अनुदान मिळतं. वीजबिल, खडू, स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती, सगळं त्यातच भागवायचं. रक्कम पटावर ठरते. पट ३० पर्यंत असेल तर १०,००० रुपये, ३१ ते १०० असेल तर २५,०००. एका वर्षी आमचा पट ३१ होता. मग एक कुटुंब मजुरीसाठी नारायणगावकडे उतरलं आणि तिकडेच राहिलं. त्यांची तीन भावंडं दाखल्यासकट गेली, पट २८ झाला आणि अनुदान १५,००० रुपयांनी घटलं. पोरं तीनच गेली होती. छप्पर तेवढंच होतं आणि त्यावर पडणारा पाऊसही तेवढाच.

पोषण आहाराचंही तसंच. तांदूळ सरकार देतं. डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधनासाठी मे २०२५ पासून पाचवीपर्यंतच्या मुलामागे रोजचे ६ रुपये ७८ पैसे धरलेत. तीनशे मुलांच्या शाळेत त्याचे दोन हजारांवर रुपये होतात, आमच्या २८ मुलांचे १९०सुद्धा नाहीत. भाजी राजूरहून आणायची तर जीपचं भाडं त्यातूनच काढायचं का?

आता शिक्षकांचं. शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंतच्या शाळेला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक ठरवून दिलेत. पण इयत्ता पाच आहेत. पहिलीचं पोर अक्षर गिरवतं तेव्हा पाचवीचं पोर अपूर्णांकाशी झगडत असतं, आणि दोघं एकाच खोलीत बसलेली असतात. दोघांतला एक जण प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की पाचही इयत्ता एकाच्या गळ्यात. ही चैन नाही हो!

दर मुलामागचा खर्च काढला तर आमच्या शाळेचा आकडा मोठा निघतो, हे खरं आहे. शिक्षकांचे पगारच त्यात धरलेले असतात. पण आम्ही मुलांना शिकवतो की भागाकारात भाजक बरोबर हवा. भिंत, छप्पर, पाण्याची टाकी, शिक्षक या गोष्टी डोक्यांच्या हिशेबाने लहान-मोठ्या होत नाहीत. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की आधी प्रत्येक शाळेला शाळा म्हणून उभी राहण्यापुरती ठरावीक रक्कम द्या, आणि मग मुलांमागे काय ते मोजा.

२०२३ साली कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायची कल्पना सरकारकडून आली. तेव्हा २० पेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा राज्यात मोजल्या गेल्या. मुलांना बसने न्यायचं म्हणाले. आमच्या ओढ्याला जुलैत पाणी असतं तेव्हा मोटारसायकलसुद्धा पलीकडे जात नाही. सहा वर्षांची पोर कशी जाईल? मुलग्याला एखाद्या नातेवाइकाकडे ठेवतील. मुलगी घरी धाकट्याला सांभाळत बसेल. मी ते आधीच्या गावात पाहिलंय.

अनुदान घटलं त्या वर्षी दुसऱ्या खोलीचे पत्रे गळायला लागले. वाडीने वर्गणी काढली. ज्यांच्या घरात लावणीच्या मजुरीशिवाय दुसरा पैसा नव्हता, त्यांनीही शंभर-शंभर रुपये हातावर ठेवले. सगळे मिळून ४,२०० रुपये जमले. त्यात सहा पत्रे आले. लागणार होते नऊ.