तुम्ही विचारलंत म्हणून: ब्लेड असताना स्ट्रिपर कशाला?

"ताई, स्ट्रिपर कुठला घेऊ?" स्ट्रिपर म्हणजे वायरीवरचं इन्शुलेशन, म्हणजे आवरण, सोलायचं हत्यार. नवी मुंबईत रबाळ्याला आमच्या पॅनल शॉपमध्ये (इलेक्ट्रिक पॅनल जोडतात तो कारखाना) आयटीआयची मुलं विचारतात, घराचं काम काढलेले शेजारी विचारतात, भाचा तर भेटला की विचारतो. मी सांगायला लागले की पुढचं वाक्य ठरलेलं: "पण आमचा वायरमन ब्लेडनंच सोलतो, काही होत नाही." म्हणजे उत्तर नकोच असतं, ब्लेडला माझा होकार हवा असतो. तो मी देणार नाही. का देणार नाही, ते एकदा नीट लिहून ठेवते.

मी कुठल्या कंपनीचा माल विकत नाही. पॅनलचं वायरिंग करते, आता बरंचसं करून घेते. आणि ब्लेडवाल्यांचा हात बसलेला नसतो असंही मला म्हणायचं नाही. पूर्वी मीच म्हणायचे, हात बसला की ब्लेड पुरतं. तेव्हाच्या मला आज विचारावंसं वाटतं की हात बसला हे तपासलं कुणी? वायर टर्मिनलमध्ये गेली, स्क्रू आवळला, दिवा लागला, एवढ्यावर आपण पास. आतल्या तांब्याचं काय झालं ते इन्शुलेशनच्या काठाखाली झाकलेलं असतं.

जुन्या मिस्त्रींचा हात खरंच बसलेला होता, पण तो वेगळ्या वायरवर. 'तीन-बावीस', 'सात-वीस' हे शब्द अजून ऐकू येतात. पहिला आकडा तारांचा, दुसरा गेजचा, म्हणजे तारेच्या जाडीचा. २२ गेजची तार साधारण ०.७१ मिलिमीटर जाड. तिला ब्लेड लागलं तर ओरखडा यायचा, तार तगायची. आजच्या घरगुती फ्लेक्झिबल वायरीत, २.५ स्क्वेअर एमएम (तांब्याच्या छेदाचं क्षेत्रफळ) घेतली तर, ०.३ मिलिमीटरच्या ३६ तारा असतात आणि वर सुमारे ०.८ मिलिमीटरचं पीव्हीसी. तेवढं कापून पातं अचूक तिथंच थांबलं पाहिजे, आणि तेही वायरीभोवती गोल फिरवताना. तोच हात, तेच ब्लेड, वायर बदलली. ठाण्याच्या जुन्या इमारतींत ॲल्युमिनियमची वायर निघते, तिचं तर विचारूच नका. एकेरी तारेला खाच पडली की दोनदा वाकवल्यावर तुकडा हातात.

आता आमच्या घणसोलीच्या सोसायटीचं सांगते. पालिकेचं पाणी खालच्या टाकीत येतं, तिथून पंपानं वर चढवायचं. हे काम एक काका बघायचे. पंप मधेच बंद पडायला लागला. काका जाऊन हिरवं बटण दाबायचे, पंप चालू. कधी आठवडा सुरळीत जायचा, कधी एकाच सकाळी तीनचार वेळा तेच. फ्लोट स्विच (टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर चालणारा) बदलून झाला. व्होल्टेज कमी येतंय असंही कुणी सांगून गेलं. मग कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरचा सप्लाय जोडणारा-तोडणारा चुंबकी स्विच, खडखडायला लागला. "पॅनल वाजतंय हो," असं काकांनी कमिटीला सांगितलं होतं, माझ्यासमोर सांगितलं होतं. आणि एक दिवस मोटर जळली. रिवाइंडिंगचा खर्च, वर टँकर. मीटिंगमध्ये ठरलं की काकांचं लक्ष नव्हतं, पंप कोरडा चालवला. मी म्हटलं, आधी पॅनल उघडून बघू. "मॅडम, पॅनल नवीन आहे," असं उत्तर आलं. काकांना काढलं.

मोटर गुंडाळून आली, कॉन्टॅक्टरचं काँटॅक्ट किट (आतले एकमेकांना टेकणारे भाग) बदललं, नवा माणूस ठेवला. थोड्याच दिवसांत तेच सुरू. तेव्हा मला बोलावलं.

मेन बंद केला, मीटरनं खात्री केली आणि कंट्रोलच्या वायरी एकेक करून ओढून बघायला लागले. कॉइलच्या, म्हणजे कॉन्टॅक्टर ओढून धरणाऱ्या गुंडाळीच्या, ए-२ टर्मिनलचा स्क्रू घट्ट होता. वायर ओढली तर तांबं टर्मिनलमध्येच राहिलं आणि वायर माझ्या हातात आली. बाहेरून बघाल तर सोलणं देखणं, काठ सरळ, आत सगळं कापलेलं. मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघितलं. १.५ची वायर, २२ तारा. बहुतेक तारांची टोकं तपकिरी-काळी पडलेली, म्हणजे केव्हाच तुटलेली. तीनचार टोकं मात्र ताजी, लखलखीत. आणि सगळ्या एकाच रेषेत, वायरीभोवती काढलेल्या गोलावर. ते वळण बहुधा ब्लेडचंच असतं.

पुढचं ज्यांना कळतं त्यांना लगेच कळेल. कॉन्टॅक्टर ओढला की दणका बसतो. दर दणक्याला त्या उरलेल्या तारांतली एखादी जायची. मग टोकं नुसती टेकून राहिली, कॉइलला सप्लाय मिळायचा, सुटायचा, पुन्हा मिळायचा. तीच खडखड. त्या खडखडीमुळे मुख्य काँटॅक्टवर ठिणग्या पडून ते भाजले, एका फेजचा काँटॅक्ट गेला, मोटर तीनऐवजी दोन फेजवर घरघरत राहिली आणि जळली. ओव्हरलोड रिलेनं (मोटरनं जास्त करंट ओढला की ती बंद पाडणारा) तिला वाचवायला हवं होतं. पण त्याचं सेटिंग कुणीतरी पार वर नेऊन ठेवलं होतं. कदाचित काकांनीच, रोजच्या ट्रिपिंगला कंटाळून. तसं असेल तर तेवढा भाग त्यांचा. पण सुरुवात त्यांनी केलेली नव्हती.

तो तुकडा मी सेक्रेटरींना नेऊन दाखवला. काकांना बोलावून घ्या म्हटलं, निदान मीटिंगच्या वहीत लिहा म्हटलं. "झालं ते झालं," म्हणाले. काका तोवर गावी गेले होते, साताऱ्याकडे. वहीत आजही 'दुर्लक्षामुळे' असंच लिहिलेलं आहे.

म्हणून "काही होत नाही" ऐकलं की माझा आवाज चढतो. होतं. ज्यानं सोलली त्याला होत नाही, इतकंच.

तर मग कुठला घ्यायचा? मी उलट विचारते: कुठली वायर, आणि दिवसाला किती? घरातली चार बटणं बदलायची असतील तर ज्याच्या पात्यांची उघडझाप स्क्रूनं किंवा चकतीनं ठरवता येते तो साधा पक्कडीसारखा स्ट्रिपर पुरे. पाचशेच्या आत मिळतो. एकाच मापाची वायर असेल तर तो उत्तम. माप बदललं की सेटिंग बदलायचं. २.५ला लावलेल्या सेटिंगवर १.५ ओढली की इन्शुलेशन फाटत येतं, आणि उलट केलं की तारा जातात.

भोकांची रांग असलेले स्ट्रिपर घेताना आकडे वाचा. ऑनलाइन मिळणाऱ्या बऱ्याच स्ट्रिपरवर अमेरिकन गेज असतो. त्यातलं १४ म्हणजे २.०८ स्क्वेअर एमएम, १२ म्हणजे ३.३१. आपली २.५ची वायर मधेच अडकते: १४ मध्ये तारांना पातं लागतं, १२ मध्ये इन्शुलेशन पुरतं कापलं जात नाही. स्क्वेअर एमएममध्ये मापं लिहिलेला स्ट्रिपर मागा, मिळतो.

दिवसभर पॅनल करणाऱ्यांनी मात्र ऑटोमॅटिक घ्यावा. एका दाबात वायर धरतो, कापतो, साल ओढून काढतो. वायडम्युलर कंपनीचा स्ट्रिपॅक्स ०.०८ पासून १० स्क्वेअर एमएमपर्यंत चालतो. किंमत हजारांत जाते, म्हणून आमचे शेठ दर वर्षी कुरकुरतात. त्यातही खोट आहे. भिंतीतल्या बॉक्समध्ये वायरीचं टोक आखूड उरलं असेल तर एवढं धूड आत जात नाही. टेफ्लॉनच्या वायरीला पाती वेगळी लागतात. आणि मूठ. दुकानात कुणी मूठ बघत नाही. आमच्याकडे वायरिंगला बायका जास्त आहेत, ज्या हत्याराला पंजा पूर्ण ताणावा लागतो त्यानं संध्याकाळी अंगठ्याखाली ठणका लागतो. बाईसाठी घेत असाल तर तिला सोबत न्या.

लाल-पिवळी मूठ दिसली म्हणून शॉक लागणार नाही असं समजू नका. जोड त्रिकोणाची खूण आणि १००० व्होल्ट लिहिलेलं असेल तरच ती इन्शुलेटेड. तरी सोलताना सप्लाय बंदच हवा.

मुंबईच्या लोहार चाळीत जा नाहीतर ठाणे स्टेशनजवळच्या दुकानात, आपल्या वायरीचा तुकडा खिशात ठेवा. तिथंच सोला, तारा मोजा, ३६च्या ३६ आहेत का बघा, उजेडात काठाशी खूण दिसते का बघा. दुकानदार वैतागेल. वैतागू दे.

जाड आर्मर्ड (आत धातूचं कवच असलेल्या) केबलचं बाहेरचं आवरण मीही सुरीनंच काढते, हेही सांगून टाकते. तिथं आत आणखी थर असतो, तांब्याला पातं लागत नाही. 'ब्लेड कधीच नको' असं मी म्हणत नाही.

एका गोष्टीत माझंच माझ्याशी जमत नाही. नव्या मुलांच्या हाती पहिल्याच दिवशी ऑटोमॅटिक द्यायचा की नाही? मी म्हणायचे, आधी साध्यावर शिका, तांबं कुठं लागतं ते बोटांना कळलं पाहिजे. आजही ते खरं वाटतं. पण शिकताना कापलेल्या तारा कुणाच्या तरी पॅनलमध्ये जाणार, आणि त्या पॅनलपाशी कुणीतरी काका बसलेले असणार. सध्या मी मुलांना साधा स्ट्रिपरच देते, पण त्यांनी सोललेली वायर सरळ भंगाराच्या पेटीत जाते, पॅनलमध्ये नाही. शेठ महिन्याला ती पेटी वजनाला लावतात आणि तांब्याचा भाव मला ऐकवतात. हा वाद आमच्यात अजून चालू आहे.