चावी की किल्ली

परवा दुपारी कपाटाचं दार हातात आलं. मेस्त्रींना फोन केला, तर ते चक्क तासाभरात हजर. (मेस्त्री सांगितल्या वेळेला आले की मला आधी भीतीच वाटते.) दार दोनदा हलवून त्यांनी निकाल दिला, "बिजागरी गेली, साहेब. सामान बाहेर काढा. आणि या खणाची चावी कुठंय?"

चावी म्हटलं की मला पुण्याची आत्या आठवते. मे महिन्यात मी मुंबईहून तिच्याकडे जायचो. "आत्या, चावी दे ना," म्हटलं की कमरेच्या जुडग्यावर हात ठेवून ती ढिम्म उभी. "किल्ली म्हण. चावी हिंदी आहे." किल्ली म्हणेपर्यंत चकलीचं कपाट उघडायचं नाही. मी म्हणायचो. तोंडाने किल्ली, मनात चावीच.

चावी हिंदीतून आलेली नाही, पोर्तुगीज आहे, हे कळलं तोवर आत्या गेली होती. भांडायचं कुणाशी? नाहीतर सांगितलं असतं, की बाई गं, तू बादली म्हणतेस, घमेलं, फीत, पगार म्हणतेस, सगळं तिकडचंच. मेस्त्री आणि त्यांची बिजागरीसुद्धा. एकादशीला तू सोलतेस तो बटाटाही. बटाटा हा शब्द तर पोर्तुगीजांचाही नाही, तो कॅरिबियन बेटांवरचा. काजू आणि अननस हे शब्द ब्राझीलच्या मूळ रहिवाशांचे. पोर्तुगीजांनी नुसती हमाली केली. हमालीची मजुरी मात्र दणदणीत घेतली: ब्राझीलमध्ये आज २० कोटींहून जास्त माणसं पोर्तुगीज बोलतात, आणि पोर्तुगालची सगळी वस्ती एक कोटीच्या घरात. आपल्याकडे त्यांना तेवढं जमलं नाही. माणसांच्या तोंडी भाषा बसवायला निघाले आणि बसल्या बिजागऱ्या. जपान्यांनीही त्यांच्याकडून पाव घेतला, त्याला अजून 'पान' म्हणतात, आणि बाकी जपानीच बोलतात.

महाराष्ट्रात पोर्तुगीज टिकली नाही, एक कोर्लई सोडून. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे किल्ला बघायला गेलो होतो. पोर्तुगीज तिथून १७४० मध्ये गेले, पण किल्ल्याखालच्या ख्रिस्ती वस्तीत त्यांच्या बोलीतून घडलेली एक भाषा अजून घरात बोलतात. बोलणारे हजाराच्या आतबाहेर. तिला म्हणतात 'नो लिंग', म्हणजे आमची भाषा. एका ओट्यावर एक आजी सूप घेऊन सुकट निवडत होत्या. शेजारी बसलेल्या नातवाला त्या काहीतरी म्हणाल्या. मला एक अक्षर कळलं नाही. त्याने मोबाइलमधून मान वर न काढता उत्तर दिलं, "थांब गं, येतो."

मराठी ऐकून मला बरं वाटलं, आणि लगेच ओशाळल्यासारखं झालं. मराठीला कोण कोण गिळतंय यावर मी तावातावाने बोलत असतो. त्या ओट्यावर गिळणारी मराठीच होती, आणि युरोपातून जहाजात बसून आलेली भाषा सुपातल्या सुकटीएवढी. आजींनी सूप झटकलं, मांजराला हाकललं. मांजराला कुठल्या भाषेत हाकललं ते काही माझ्या लक्षात राहिलं नाही.

असो. खणाची चावी शेवटपर्यंत सापडली नाही. मेस्त्रींनी पटाशी घालून खण उघडला. आत जुनी लाइटबिलं आणि त्याखाली आत्याचा जुडगा. अकरा नग. एकाचंही कुलूप आता शिल्लक नाही. तो वाडाच पडला.

"या कुठल्या चाव्या, साहेब?"

"किल्ल्या," मी म्हटलं.