पाचकाची बाटली आणि नानांची व्हिस्की

मे महिन्यात भुसावळचा पारा पंचेचाळिशी गाठतो, तेव्हा शौकीन माणसालाही व्हिस्की नकोशी होते. मी घरगुती समारंभांत बारचं काम बघतो. परवाने पाहिल्याशिवाय ऑर्डर घेत नाही आणि पंचविशीच्या आतल्याला पेग देत नाही. त्या दिवशी रेल्वेतून निवृत्त झालेल्या नानांची पंच्याहत्तरी होती. मुलानं फोनवर एवढंच सांगितलं होतं, "काहीतरी थंडगार कर भो, नानांना पाण्यातली आता सोसत नाही."

व्हिस्की आणि जिंजर एल, म्हणजे अद्रकाच्या चवीचं गोड सोडापेय, माझं ठरलेलं होतं. पण माल आलाच नाही आणि गावातली दुकानं पालथी घालूनही जिंजर एल मिळेना. अद्रक किसून साखरेच्या पाकात उकळावं म्हणून स्वयंपाकघरात शिरलो. उकळल्यावर त्याचा ताजा वास जातो, पण इलाज नव्हता.

काकूंनी फ्रिजमधून काचेची बाटली काढली. "हे चालतं का बघ. पाचक आहे."

चमचाभर जिभेवर घेतलं. आधी लिंबू, मग गोडी आणि शेवटी कानशिलं तापवणारा अद्रकाचा झटका! काकूंची रीत साधी. कच्च्या अद्रकाचा रस काढून तासभर हलवायचा नाही. तळाला पांढरं पीठ बसतं, वरचा रस अलगद ओतून घ्यायचा. त्यात लिंबू, साखर, थोडं सैंधव. गॅसवर काही चढवायचंच नाही.

सॅम रॉस या बारटेंडरनं २००५ साली न्यूयॉर्कमध्ये बनवलेलं 'पेनिसिलिन' नावाचं कॉकटेल आज जगभर पितात. त्यातही स्कॉच, लिंबू, मध आणि अद्रकच. इथे तर निम्मं काम काकूंनी आधीच करून ठेवलं होतं.

उंच ग्लास काठोकाठ बर्फानं भरला. बर्फ भरपूरच हवा, थोडा घातला तर लवकर वितळून सगळं पाणचट होतं. ६० मिली व्हिस्की, २५ मिली पाचक, चमच्यानं ढवळलं. मग फ्रिजमधला गार सोडा, साधारण १५० मिली, ग्लासच्या कडेनं हळू सोडला. कोमट सोडा ओतताच फसफसून गॅस उडून जातो, म्हणून तो कडक गारच लागतो. शेवटी चमचा तळापर्यंत नेऊन एकदाच वर उचलला. पाचकात लिंबू होतंच, वरून पिळलं नाही.

नानांनी घोट घेतला, ग्लास उजेडात धरून पाहिला. "हे तर आपल्या घरचंच लागतंय!"

"घरचंच आहे," काकू आतून म्हणाल्या. त्यांनी स्वतःसाठी व्हिस्की वगळून तसाच ग्लास भरून घेतला होता.

सामान आवरताना शेजारच्यांनी त्यांच्याकडच्या कार्यक्रमाची ऑर्डर दिली, पण पाचक हेच हवं म्हणाले. मी काकूंकडे पाहिलं.

"देईन की. पण अद्रक सोलायला तू यायचं."