फोटोवरून बेअरिंगचा नंबर मी का सांगत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. "जुन्या इंग्लिश मोटरसायकलच्या हबचा फोटो पाठवला तर बेअरिंगचा नंबर सांगायला तुझं काय जातं?" असं विचारणारे सोलापुरात मला महिन्याला दोघं-तिघं तरी भेटतात. माज आलाय, असंही कानावर येतं. माज नाही.

हब, म्हणजे चाकाचा मधला भाग जिथं बेअरिंग बसतं, ते मी ओळखतो. ड्रमचा व्यास, स्पोकची भोकं, ब्रेक प्लेटचा घाट पाहिला की अंदाज येतो. पण सत्तर-ऐंशी वर्षांत त्या हबमधून कुणी काय काढलं, काय घातलं, ते फोटोत दिसत नाही.

मोहोळचे एक निवृत्त शिक्षक आहेत, मी त्यांना गुरुजीच म्हणतो. त्यांनी पुढच्या चाकाचा फोटो पाठवला. मी दोन मिनिटांत लिहिलं, "6204 घ्या." संध्याकाळी त्यांचा फोन आला, "अरे, हातानंच आत गेलं. हातोडीसुद्धा लागली नाही! एक्सलला जरा ढिलं होतं, पत्रा गुंडाळला." मी म्हणालो, "छान झालं."

छान कसलं? बेअरिंग हबमध्ये घट्ट बसायला हवं, ते हातानं जातं, तिथंच थांबायला हवं होतं. ते हब इंची मापाचं होतं. मूळ बेअरिंग पाऊण इंच भोकाचं, बाहेरून एक इंच सात सूत, जाडी साडेचार सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). म्हणजे 19.05, 47.625 आणि साधारण 14.29 मिलीमीटर. 6204 चं माप 20, 47, 14 मिलीमीटर. शेजारी ठेवली तर जुळी भावंडं वाटतात.

आठवड्याभरानं पंढरपूर रस्त्यावर चाक डोलायला लागलं, ब्रेक शू ड्रमला धरले आणि गुरुजी पडले. खांद्याचं हाड मोडलं. ते चाक मी स्वतः खोललं. बेअरिंगची बाहेरची रिंग हबमध्ये फिरून फिरून आतली भिंत आरशासारखी चकचकीत झाली होती, भोक लंबगोल झालं होतं. पत्र्याचा ग्रीसमध्ये भुगा झाला होता.

तेव्हाचा मी अजून वाद घालतो, पत्रा त्यांनी गुंडाळला, तुझा काय दोष? गुरुजीही तेच म्हणतात. पण फोन मी ऐकला होता. आणि इंची असेल ही शंका मला यायला हवी होती. या गिरणीच्या गावात सुतात मोजणारे जुने टर्नर अजून आहेत, एकाला विचारलं असतं तरी चाललं असतं. बरं, इंग्लिश गाडी म्हणजे इंचीच, असंही नाही. काही कारखान्यांनी मिलीमीटरचीच बेअरिंगं वापरली. म्हणून हबचं भोक दोन-तीन जागी मोजा, एक्सल वेगळा मोजा, मग बोला.

परवा बार्शीच्या एका पोराला हेच सांगितलं. त्याच्याकडे बारीक माप घ्यायचा व्हर्नियर नव्हता. तो वैतागला आणि दुकानातून 6204 घेऊन गेला. मी नंबर सांगितला नाही म्हणून तो वाचला की अडकला, मला कळत नाही. काल त्याला फोन केला, चाक घेऊन ये म्हटलं. अजून आला नाही.