बुलगार्ड, अलाइनमेंट आणि ३३ पाउंड हवा

मे महिना लागला की नागपुरात पंक्चरच्या दुकानात हवेसोबत एक सल्ला फुकट मिळतो: "ऊन लय तापून राहिलं भाऊ, हवा तीन पाउंड कमीच ठेवतो, नाही तं टायर फुटते." देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण सल्ला नेमका उलटा आहे.

हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत दर फेऱ्याला जास्त दुमडते. मध्यम आकाराच्या कारच्या चाकाचा परीघ साधारण दोन मीटर. शिवमडक्याहून समृद्धीवर चढून ताशी १२० ला लागलात, की चाक मिनिटाला हजार वेळा फिरतं, म्हणजे ती भिंतही मिनिटाला हजार वेळा दुमडते. तार दुमडत राहिली की गरम होते, तसंच हे. आतली उष्णता वाढत जाते, रबर आणि आतल्या दोऱ्यांची पकड सुटते आणि टायर जातो. वर ४५ अंशांचं ऊन आणि खाली तापलेलं काँक्रीट असलं की हे लवकर होतं, पण सुरुवात कमी हवेपासून होते.

चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेला आकडा, समजा ३३, हा थंड टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असलेली. चालल्यावर तो चार-पाच पाउंड वाढतो, आणि ही वाढ टायर बनवणाऱ्याने आधीच हिशेबात धरलेली असते. गरम टायरमधली हवा सोडायची नाही. तापमान दहा अंशांनी बदललं की हवा साधारण दीड पाउंडाने बदलते, म्हणून उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत हवा तपासा आणि डिसेंबरात पुन्हा एकदा.

हवेची सूचना देणाऱ्या यंत्रणेतही एक गंमत आहे. अनेक गाड्यांत टायरमध्ये वेगळा सेन्सर नसतोच. हवा उतरलेलं चाक किंचित लहान होतं, म्हणून इतरांपेक्षा जरा जलद फिरतं. हा फरक एबीएसचेच, म्हणजे चाक अडकू न देणाऱ्या ब्रेक प्रणालीचेच, सेन्सर मोजतात आणि दिवा लावतात. चारही चाकांत सारखीच हवा कमी करून रीसेटचं बटण दाबलंत, की गाडी तीच हवा बरोबर मानते. यंत्राला खोटं शिकवायचं आणि मग त्याच्या भरवशावर निघायचं!

ही एबीएस प्रणाली १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली आणि भारतात २०१९ पासून सगळ्या नव्या कारमध्ये सक्तीची झाली. प्रत्येक चाकाजवळ दातेरी किंवा चुंबकीय कडं असतं आणि सेन्सर त्याचे दाते मोजतो. चाक अडकतंय असं दिसताच झडप त्या चाकाचा दाब सोडते, पुन्हा देते, सेकंदाला अनेक वेळा. म्हणून पेडल पायाखाली थरथरतं, खरखर आवाज येतो. नेमका तिथेच माणूस घाबरून पाय उचलतो. उचलायचा नाही. पूर्ण दाबून ठेवायचा आणि स्टिअरिंग वळवायचं, कारण एबीएसचा खरा उपयोग अंतर कमी करण्यापेक्षा ब्रेक लागलेला असताना गाडी वळवता येण्यात आहे. सैल गिट्टीवर तर अंतर उलट वाढू शकतं.

अंतराचा हिशेब एकदा करून पाहा. कोरडा रस्ता, चांगले टायर. ताशी १०० वरून पूर्ण ब्रेक मारल्यावर गाडी साधारण ५० मीटरमध्ये थांबते. तिच्या शेजारून १२० ने जाणाऱ्याने त्याच क्षणी ब्रेक मारला, तर पहिली गाडी थांबते त्या जागी दुसरी अजून ताशी ६५ च्या आसपास असते. फरक फक्त २० चा होता.

घसरू न देणारी ईएससी प्रणाली एबीएसवरच उभी आहे. स्टिअरिंग किती वळलं आणि गाडी प्रत्यक्षात किती वळतेय, यांची ती सतत तुलना करते. दोन्ही जुळलं नाही तर एखाद्याच चाकाला ब्रेक लावून गाडी ओळीत आणते. त्यामुळे अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेणं, करताना स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर शून्यावर आणावा लागू शकतो. हे काम बऱ्याच गाड्यांत स्कॅनरशिवाय, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडायच्या यंत्राशिवाय, होत नाही, आणि रस्त्याकडेच्या अनेक अलाइनमेंटवाल्यांकडे स्कॅनर नसतो. पुढे एका मापाचे आणि मागे दुसऱ्या मापाचे टायर घातले तरी हिशेब बिघडतो (कंपनीनेच तसे दिले असतील तर गोष्ट वेगळी).

आता सध्याचा लाडका विषय, आपोआप ब्रेक. जाळीच्या किंवा बंपरच्या मागे ७७ गिगाहर्ट्झचं रडार आणि काचेमागे, आरशाजवळ, कॅमेरा. रडारला हलणारी वस्तू चांगली कळते. उभ्या वस्तूंची मात्र रस्त्यावर रेलचेल असते: दुभाजकाचा पत्रा, पाट्या, वरचा पूल. प्रत्येकीसाठी ब्रेक लागला तर मागचा येऊन आदळेल. म्हणून जास्त वेगात बऱ्याच प्रणाल्या उभ्या वस्तूबाबत कॅमेऱ्याचा दुजोरा मागतात. रात्री मागचा दिवा नसलेला उभा ट्रक किंवा रस्त्यात बसलेली गाय, इथेच ही यंत्रणा कमी पडते. संध्याकाळी नागपूरहून मुंबईकडे निघालात तर मावळता सूर्य समोरून थेट कॅमेऱ्यात येतो आणि यंत्रणा तात्पुरती बंद झाल्याची सूचना झळकते. ती बिघाड नव्हे. काच आतूनही पुसलेली असली तर बराच फरक पडतो.

बिघाड आपण करतो. रडारसमोर बुलगार्ड, जाडजूड नंबरप्लेट किंवा बंपरवर पुट्टीचा थर. रडार एका अंशाने जरी वाकडं बसलं, तरी १०० मीटरवर ते पावणेदोन मीटर बाजूला बघतं, म्हणजे जवळपास अर्धी लेन. बंपर काढून बसवला किंवा काच बदलली, तर कॅलिब्रेशन, म्हणजे रडार-कॅमेऱ्याची दिशा पुन्हा जुळवणं, केल्याचा कागद मागून घ्या. "गरज नाही साहेब" असं उत्तर आलं तर गाडी ताब्यात घेऊ नका.

जुनी कार घेताना इग्निशन ऑन करून, इंजिन सुरू न करता, डॅशबोर्डकडे बघा. एबीएस आणि ईएससीचे दिवे लागून काही सेकंदांत विझायला हवेत. विझला नाही तर निदान बिघाड उघड आहे. पण दिवा मुळात लागतच नसेल, तर कोणीतरी तो दडवला असण्याची शंका घ्या आणि स्कॅनर लावल्याशिवाय बयाणा देऊ नका.