गगनबावड्याच्या सड्यावरची बुटकी गाय

कोल्हापुरातून गगनबावडा ५५ किलोमीटर. कळे मागं पडेपर्यंत दोन्ही बाजूंना ऊसच ऊस, मग तो विरळ होत भाताची खाचरं लागतात, आणि पुढं नुसता डोंगर. आम्ही गगनगड बघायला निघालेलो. गड धुक्यात गुडूप. पण धनगरवाड्याच्या वळणावर गाईंचा कळप आडवा आला आणि गाडी तिथंच थांबली.

आम्ही कोल्हापूरकर मुळात म्हशीची माणसं. गंगावेशीत म्हैस समोर उभी करून काढलेलं धारोष्ण दूध पिणारी. त्यामुळं नजर आधी कासेवर गेली, आणि तिथं बघण्यासारखं फारसं नव्हतंच. उंची माझ्या कमरेच्या जरा वर. कुणी काळी, कुणी तांबडी, कुणी बांडी. वशिंड लहान, शिंगं सरळ, खूर काळेभोर आणि घट्ट मिटलेले. एकीनं कडेच्या ओल्या जांभ्यावर पुढचा खूर टेकवला, भार टाकून तो सरकतोय का पाहिलं, मगच मागचे पाय उचलले.

"दूध? वासराचं सोडून लिटरभर मिळंल," राखण करणारे मामा म्हणाले. "पर हिला पेंड नको का भरडा नको. वासरू घरात बांधल्यालं असतंय, सांजला आपली आपण येत्या."

दूध कमी म्हणूनच तर ती इथं टिकते. उन्हाळ्यात सड्यावरच्या, म्हणजे माथ्यावरच्या उघड्या कातळपठारावरच्या, वाळक्या गवतावर थोरल्या जनावराचं पोट भरत नाही, हिचं लहान अंग त्यावर निभावतं. आखूड, तुळतुळीत केसांवरून पाणी निथळून जातं. मामांनी एकदा संकरित गाय आणलेली. पहिल्याच पावसाळ्यात तिच्या खुरांत अळ्या पडल्या. बैलाचंही तेच. खिलार माणदेशच्या मोकळ्या रानात शोभतो. इथल्या चिंचोळ्या खाचरात त्याला वळायलाच जागा नाही. हे बुटके बैल मात्र चिखलात जागच्या जागी फिरतात. म्हणजे फिरायचे. आता पॉवर टिलर आलेत.

करूळ घाट उतरला की वैभववाडी. खाली कोकणातल्या अशाच गाईला २०१८ साली 'कोकण कपिला' म्हणून राष्ट्रीय पातळीवर जातीची नोंद मिळाली. मला तरी वरची आणि खालची गाय सारखीच वाटली, पण घाटमाथ्यावरची अजून नुसती गावठीच. मामांना हे सांगितलं, तर ते काठी काखेत घेऊन तंबाखू मळायला लागले.

"नोंदीचं ऱ्हाऊ द्या, पावणं. वाड्यात एक वळू ऱ्हायला न्हाई. ह्या गाभण कशा जायच्या, त्ये सांगा आधी."